औषधी बाग असलेले न्याहारी-निवास: ऑगस्टमध्ये दापोलीला येण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्टमध्ये तुम्ही दोघे, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघे तीन रात्रींसाठी दापोलीला येणार आहात. न्याहारी-निवासाची दोन घरे तुमच्या मनात आहेत आणि त्यांपैकी एकाने शंभर औषधी वनस्पतींच्या बागेची जाहिरात केली असून त्याचे भाडे दुसऱ्यापेक्षा बरेच जास्त आहे. त्या बागेसाठी जास्त पैसे द्यावेत का, ऐन पावसात तिचा काही उपयोग होईल का आणि तेथे पाहुण्यांना रोज दिला जाणारा काढा सासूबाईंनी घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. सासूबाईंना मधुमेह आहे आणि हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना वॉरफरिनची, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी, गोळी चालू आहे, हेही तुम्ही लिहिले आहे. मी आणि माझे यजमान दापोलीतच अनेक वर्षे असे घर चालवतो, घरामागे अशीच बाग आहे आणि पाहुण्यांचा स्वयंपाक मी स्वतः करते. तुमच्या मनातली दोन घरे कोणती हे तुम्ही सांगितलेले नाही आणि ते मला विचारायचेही नाही. निवड तुम्हाला स्वतः करता यावी अशा बेताने लिहिते.

माझ्या मते शंभर वनस्पती आहेत की चाळीस, यावर भाडे ठरवण्यात अर्थ नाही. कोकणात परसदारी काही ना काही लावलेले असतेच आणि रोपवाटिकेतून आणून नावाच्या पाट्या लावल्या की महिन्याभरात औषधी बाग उभी राहते. दापोलीत तर डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्यामुळे चांगली रोपे मिळणे येथे मुळीच अवघड नाही. पाहायचे ते एवढेच, की ती बाग त्या घराच्या चुलीपर्यंत पोहोचते का. जी बाग रोज स्वयंपाकासाठी खुडली जाते, तिच्याकडे घरातील माणसाचे रोज लक्ष असते. कोणत्या पानाला कीड लागली, कशावर फवारणी केली, कोणते रोप खाण्याचे आणि कोणते नुसते शोभेचे, हे त्या माणसाला तोंडपाठ असते. जी बाग केवळ पाहुण्यांना दाखवण्यासाठी असते, तिच्यातील पान तोंडात घालणे कितपत सुरक्षित आहे हे तेथे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. तुमच्याबरोबर एक लहान मूल आणि औषधे चालू असलेल्या सासूबाई येणार आहेत, म्हणून हा फरक तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे.

हे दुरून ओळखण्याचा माझा एक साधा उपाय आहे. आरक्षणासाठी फोन कराल तेव्हा किती वनस्पती आहेत असे विचारू नका. आम्ही अमुक तारखेला येत आहोत, तर सकाळच्या न्याहारीत तुमच्या बागेतील काय काय असेल, असे विचारा. जो स्वतः बाग करतो त्याला या प्रश्नाचा आनंदच होतो आणि तो लगेच हंगामाप्रमाणे बोलू लागतो. ऑगस्टसाठी खरे उत्तर साधारण असे येईल: गवती चहा भरपूर आहे, हळदीची पाने मोठी झाली आहेत म्हणून पातोळ्या करू, अळू आहे, भारंगी मिळाली तर दुपारी भाजी करू, पानओवा पागोळ्यांपासून आडोशाला ठेवला आहे म्हणून टिकला आहे, त्याची भजी होतील, पण कोथिंबीर मात्र बाजारातली, कारण या पावसात ती आमच्याकडे कुजते. हे शेवटचे वाक्य ऐकू आले तर माझ्या लेखी ते घर पसंत. ऐन पावसाळ्यात कोकणात कोथिंबीर घाटावरूनच येते आणि जो हे स्वतःहून सांगतो तो बाकीचेही खरे सांगत असण्याची शक्यता जास्त आहे.

याउलट, आमच्याकडे रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर, पुदिना, तुळस सगळे बारा महिने अंगणात बहरलेले असते असे उत्तर मिळाले, तर थोडे थांबून विचार करावा. रोझमेरी, थाइम आणि लॅव्हेंडर ही कोरड्या हवेची आणि पाणी न साचणाऱ्या जमिनीची झाडे आहेत. आमची जांभ्या दगडाची जमीन पाण्याचा निचरा चांगला करते हे खरे, पण आठवडाभर सूर्य न दिसता पाऊस लागून राहिला की त्यांची मुळे कुजतातच. ज्यांना ती टिकवायची असतात ते कुंडीत लावून छपराखाली ठेवतात, आणि तसे स्पष्ट सांगतातही. अशी कुंडी असण्यात वावगे काहीच नाही. मात्र केवळ तेवढ्यासाठी जास्त भाडे देण्याचे कारण मला दिसत नाही.

पावसात बागेचा उपयोग होईल का, या तुमच्या शंकेचे उत्तर यातच आले आहे, तरी थोडे अधिक सांगते, कारण बहुतेक पाहुण्यांची समजूत याच्या नेमकी उलट असते. बाग पाहायला मे महिना चांगला असे लोकांना वाटते. मे महिन्यात आमच्याकडे आंबा, काजू आणि कोकम असते, पण विहिरीचे पाणी खाली गेलेले असते, गवती चहाची पाती टोकाकडून करपलेली असतात आणि हळद तर जमिनीवर दिसतसुद्धा नाही, कारण तिचे कंद काढून झालेले असतात. पानांचा खरा हंगाम पावसाळ्याचा आहे. टाकळ्यासारख्या रानभाज्या पहिल्या पावसानंतर कोवळ्या मिळतात आणि ऑगस्टपर्यंत जून होतात. पण अळू, हळदीचे पान, गवती चहा आणि आले ऑगस्टमध्ये ऐन भरात असतात. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसण्याच्या विचाराने येत असाल तर निराशा होईल, कारण पाऊस तसे बसू देणार नाही. ताटात आलेली बाग अनुभवायला येत असाल, तर महिना योग्य निवडला आहे.

ताटात आलेली बाग म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगते. पातोळ्यांसाठी हळदीची पाने आम्ही सकाळीच कापतो, कारण कापून ठेवलेल्या पानाचा वास तासाभरात उतरू लागतो. पान पुसून त्याची जाड शीर मागच्या बाजूने सुरीने हलकेच तासायची, म्हणजे पान दुमडताना फाटत नाही. तांदळाच्या पिठात किंचित मीठ घालून ते इतपत सैल भिजवायचे की बोटांनी पानावर पातळ पसरता यावे. त्यावर ओल्या नारळाचे आणि गुळाचे सारण, वर वेलची, मग पान लांबीच्या बाजूने मिटून चाळणीत वाफवायचे. दहा-पंधरा मिनिटांत घरभर वास सुटतो आणि अजून न उठलेले पाहुणे आपोआप उठून येतात. हळदीचा कंद वापरून हा वास येत नाही आणि दुसऱ्या दिवशी शिळे पान वापरूनही येत नाही. बाग घरालगत असण्याचे मोल मला या पदार्थात सगळ्यांत स्पष्ट दिसते आणि जास्त भाडे द्यायचे असेल तर ते अशा गोष्टीसाठी द्यावे, असे मला मनापासून वाटते. तुमच्या मुलाला पीठ पसरू द्या म्हणून सांगा; बहुतेक घरांत आनंदाने देतील.

आता सासूबाईंच्या काढ्याविषयी. येथे माझे मत ठाम आहे: त्यांनी काढा घेऊ नये. मी वैद्य नाही, म्हणून वनस्पतींच्या गुणांविषयी अधिकाराने बोलत नाही. पण जिच्या हातून पाहुण्यांना खायला-प्यायला दिले जाते तिला हे ठाऊक असले पाहिजे, की जेवणात येणारे पान आणि औषध म्हणून आटवलेला काढा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चहात उकळलेली गवती चहाची दोन पाती, आल्याचा तुकडा, भाजीतला ओवा हे आपण पिढ्यान्‌पिढ्या अन्नाच्या मात्रेत घेत आलो आहोत. काढ्यात मात्रा वाढते, अनेक वनस्पती एकत्र येतात आणि त्यांचा चालू गोळ्यांशी काय संबंध येईल हे घरमालकाला माहीत नसते.

गुळवेलीचेच पाहा. करोनाच्या काळात ती घरोघरी प्यायली गेली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृताला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. यात बरोबर कोण, हा वाद तज्ज्ञांचा आहे. पण पाहुण्याच्या दृष्टीने दोन्ही बाजूंचा निष्कर्ष एकच निघतो, कारण कपात आलेली वेल त्यांपैकी कोणती हे त्याला ओळखता येत नाही. शिवाय गुळवेलीने रक्तातील साखर उतरू शकते आणि सासूबाई त्यासाठी आधीच गोळी घेत आहेत. अडुळशाविषयीही पाहुण्यांना मी नेहमी सांगते, की गरोदर स्त्रीने तो घेऊ नये, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. पाहुणी गरोदर आहे का, हे न विचारताच सगळ्यांपुढे अडुळशाचा पेला ठेवणाऱ्या घरी मी स्वतः राहायला जाणार नाही.

वॉरफरिनची गोष्ट याहून नाजूक आहे आणि ती बहुतेक यजमानांना माहीत नसते. या गोळीचे काम 'के' जीवनसत्त्वाच्या विरोधात चालते आणि हे जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. त्यामुळे पालेभाजी खायचीच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. रोजच्या सवयीपेक्षा ती एकाएकी खूप वाढवू किंवा कमी करू नये, एवढाच होतो. औषधी बाग असलेल्या घरी पावसाळ्यात नेमके हेच घडते: सकाळी अळूवडी, दुपारी भारंगी, रात्री शेवग्याच्या पाल्याची भाजी. तळकोकणात तर गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी करण्याचीच रीत आहे आणि तुमची तारीख त्या सुमारास आली तर दापोलीतही कोणी हौसेने करील. सासूबाई घरी जेवढी पालेभाजी खातात तेवढीच येथेही खातील, असे बघा. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी जवळ आली असेल तर ती करूनच निघा. आरक्षण करतानाच यजमानांना ही गोष्ट सांगून ठेवा. आयत्या वेळी ताटावर बसल्यावर सांगितले की यजमान ओशाळतात आणि सासूबाई संकोचाने खातात. आम्हाला आधी कळले तर आम्ही त्यांच्यासाठी तांदळाची ताकातली उकड, घावणे किंवा मऊभात-मेतकूट करतो. मधुमेहामुळे तांदळाचे प्रमाण किती ठेवायचे तेही सांगावे. नाचणीची भाकरी मागितली तर कोकणातल्या घरात कोणी नाही म्हणणार नाही.

मुलाविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, पण मला सांगितलेच पाहिजे. पहिला नियम असा, की न विचारता कोणतेही पान, फळ किंवा बी तोंडात घालायचे नाही. बाग औषधी आहे, म्हणून तिच्यातील सगळे काही सौम्य असेल अशी मुलांची आणि कधी कधी मोठ्यांचीही समजूत होते. कुंपणाला लावलेली कण्हेर, बिट्टी, धोत्रा आणि गुंजेची वेल ही कोकणातल्या अनेक अंगणांत सापडतात आणि चारही विषारी आहेत. गुंजेचे लाल-काळे बी तर मुलांना मण्यासारखे आकर्षक वाटते. अळूचेही कच्चे पान चावले तर घसा भयंकर खवखवतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणूनच आम्ही अळू नीट शिजवतो आणि त्यात चिंच किंवा कोकम घालतो.

दुसरी गोष्ट सापांची. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे बरेच आढळते. ते आकाराने लहान असते, जांभ्याच्या दगडांखाली आणि पाल्यापाचोळ्यात बसते आणि रात्री बाहेर पडते. घाबरून जाण्याचे कारण नाही. या घरांत आम्हीही मुले वाढवली आहेत. अंधार पडल्यावर बागेत जायचे नाही, जावेच लागले तर विजेरी आणि बंद बूट हवेत, दगड किंवा ओंडके उचलायचे नाहीत आणि बाहेर ठेवलेले बूट झटकून घालायचे, एवढे पुरते. दुर्दैवाने काही झालेच तर चिरा देणे, चोखणे, घट्ट बांधणे किंवा बागेतलाच एखादा पाला चोळत बसणे यांत वेळ घालवू नये. पाय न हलवता थेट दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिसर्पविष लस हाच त्यावर उपाय आहे. घर शहरापासून किती लांब आहे आणि रात्री गाडी मिळते का, हे प्रश्न म्हणूनच आरक्षणापूर्वी विचारण्यासारखे आहेत. मुरुड किंवा कर्दे येथील समुद्रालगतचे घर आणि दापोली शहरातले घर यांत या बाबतीत फरक पडतो.

बागेतले वागणे हाही विषय थोडक्यात सांगते. खुडण्यापूर्वी विचारावे. पाने वाचवावीत म्हणून हे म्हणत नाही; कोणते रोप कोठून कापायचे याची रीत असते. गवती चहाचे पान वरून ओढले तर त्याच्या धारेने बोट कापते आणि झुडूप मुळासकट हलते. बुंध्याचा पांढरट भाग ठेवून विळीने कापले की तेथूनच पुन्हा फुटवा येतो. तुळस संध्याकाळनंतर तोडू नये, असे बहुतेक घरांत पाळतात. तुमची श्रद्धा असो वा नसो, त्या घराची रीत सांभाळावी. रोप घरी न्यायचे असेल तर पावसाळा उत्तम. पानओव्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून ठाण्या-पुण्यापर्यंत सहज पोहोचते आणि खिडकीतल्या कुंडीतही रुजते. मागितली तर कोणीही देईल.

नोंदणीचे एक पाहून घ्या. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे आणि केंद्र सरकारचीही अतुल्य भारत या नावाखाली तशी योजना आहे. केंद्राच्या योजनेत १ ते ६ खोल्या, म्हणजे जास्तीत जास्त १२ खाटा, भाड्याने देता येतात आणि मालकाने कुटुंबासह त्याच वास्तूत राहणे अपेक्षित असते. मला ही शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मालक मुंबईत, देखभालीला गडी आणि न्याहारी बाहेरच्या हॉटेलातून, अशी व्यवस्था असेल तर घर कितीही नेटके असले तरी बागेचा तुम्हाला काही लाभ नाही. फोनवर विचारायला संकोचू नका: तुम्ही तेथेच राहता का, स्वयंपाक कोण करते, भाड्यात न्याहारी धरली आहे का आणि दुपार-रात्रीच्या जेवणाचे वेगळे किती. बहुतेक ठिकाणी जेवण आदल्या रात्री सांगावे लागते, कारण येथे माणसे मोजून स्वयंपाक होतो. पावसात वीज जाते, तेव्हा सासूबाईंसाठी तळमजल्याची खोली आणि अंघोळीला बंबाचे गरम पाणी मिळेल का, तेही विचारून घ्या. स्वच्छतागृहापर्यंत जाताना शेवाळलेल्या फरशीवरून चालावे लागत असेल, तर दुसरे घर बघा. वॉरफरिन घेणाऱ्या माणसाला साधा पाय घसरूनही आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि हा धोका कोणत्याही काढ्याइतकाच गंभीर आहे.

तेव्हा दोन्ही घरांना फोन करा आणि न्याहारीचा तो एक प्रश्न दोघांनाही विचारा. महागड्या घराने हंगामानुसार नेमके उत्तर दिले, मालक तेथेच राहत असले आणि काढा ऐच्छिक आहे असे स्वतःहून म्हणाले, तर जास्तीचे भाडे वाजवी समजा. उत्तरात वनस्पतींची संख्या आणि रोग बरे होण्याचीच भाषा आली, तर स्वस्त घर घ्या. तेथेही परसदारी अळू आणि गवती चहा असणारच, आणि मागितल्यावर मिळेलही.

तारीख ठरवताना गणपतीचा आठवडा टाळा. भाद्रपदाची चतुर्थी कधी ऑगस्टअखेर तर कधी सप्टेंबरात येते आणि त्या दिवसांत चाकरमानी गावी आल्यामुळे रेल्वे, एसटी आणि महामार्ग तुडुंब भरलेले असतात. यजमानांच्या घरीही गणपती असतो, त्यामुळे पाहुण्यांकडे हवे तेवढे लक्ष देता येत नाही आणि आमच्यासारखी अनेक घरे त्या काळात आरक्षण घेतच नाहीत. रेल्वेने आलात तर खेड स्थानकावर उतरून पुढे एसटी किंवा भाड्याची गाडी करावी लागते. पावसात घाटरस्त्याला वेळ लागतो, म्हणून दुपारपर्यंत खेडला पोहोचणारी गाडी निवडा, म्हणजे उजेड असतानाच घरी याल आणि सासूबाईंना पायऱ्या, अंगण आणि खोली नीट पाहून घेता येईल.